तोरणमाळच्या वाटेवरचा चहा

नाना, परवा मोठ्या मायचा फोन आला होता. तुमच्या वहिनीचे कान आता अगदीच गेलेत, त्यामुळे ती फोनवर बोलत नाही, हाका मारते. "भाऊ, येत्या रविवारले कानबाई शे. मी तुनी मूठ टाकस, तू ये." मी ओरडून हो म्हणालो. तिने तीनदा परत विचारून खात्री करून घेतली. बरोबरच आहे, गेली कित्येक वर्षं दर श्रावणात मी काहीतरी निमित्त काढून नाही म्हणतो आणि ती दर श्रावणात माझी मूठ टाकते. तुमची नात शेजारी बसून ऐकत होती. तुम्ही तिला पाहिलं नाही, पण डोळे तुमचेच आहेत, तसेच घारे. तिने विचारलं, कसली मूठ? मग तिला सांगावं लागलं की कानबाई ही आपली खानदेशातली देवी, तिच्या रोटासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, तो माणूस गावात असो की सुरतेत. त्याच गव्हाच्या पोळ्या होतात आणि त्या भाऊबंदांनीच संपवायच्या, बाहेरच्याला घासही द्यायचा नाही. "मग तुमच्या मुठीचं कोण खातं?" पोरगी म्हणाली. म्हटलं, मोठी माय खात असेल. दात नाहीत तिला, दुधात कुस्करून खात असेल.

तुम्हाला सांगायचंय ते कोरोनाच्या दुसऱ्या वर्षीच्या कानबाईचं. तुम्ही गेल्यानंतर असा एक रोग आला, नाना, की प्लेगाने नुसती सुरत रिकामी झाली होती, याने सगळं जग घरात कोंडलं. दुसऱ्या वर्षी श्रावणात जरा सैल झालं, तशी इथे सुरतेत आमच्या बिल्डिंगमधली माणसं दावं सुटलेल्या वासरासारखी झाली. विमानाची भीती, रेल्वेची भीती. आपली गाडी, आपली माणसं आणि जवळचं ठिकाण, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. आणि असलं काही ठरवायचं म्हटलं की माझ्या दारावर थाप. "भाई, तमे कहो त्यां जइए." मी म्हणेन तिथे जायला सगळे तयार. मलाही हौस दांडगी. रोगाच्या दिवसांत सहल ठरवणं पोरीचं लग्न ठरवण्याहून जिकिरीचं, पण मी बसलो ठरवायला. तीन कुटुंबं, तीन गाड्या. चादरी घरच्या, उशांचे अभ्रे घरचे, थेपले-खाखऱ्यांचे डबे, पाण्याचे जार, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं ते यंत्र. हॉटेलवाल्याला फोन करून करून मी विचारलं, आमच्या आधी खोलीत कोण उतरणार आहे, खिडक्या उघडतात का, जेवण वाढणारा पोरगा मास्क लावतो का. शेवटी तो बिचारा म्हणाला, साहेब, तुम्ही यायच्या आत मीच हॉटेल सोडून जातो.

ठिकाण मीच सुचवलं. सापुताऱ्याला म्हणे माणसांचा पूर लोटला होता. मी ऐटीत म्हणालो, मी सांगतो अशी जागा, तिथे काळं कुत्रंही फिरकत नाही. तोरणमाळ. सगळे चकित. तुम्हाला कशी माहीत, असं कुणीतरी विचारलं, आणि मी काय म्हणालो असेन? नेटवर वाचलं. तुमच्या खांद्यावर बसून मी ते तळं पहिल्यांदा पाहिलं, उतरताना तुमच्या चपलेचा अंगठा तुटला आणि तुम्ही अख्खा घाट अनवाणी उतरलात, आणि मी म्हणालो नेटवर वाचलं! जोडून सुट्ट्या होत्या म्हणून तारखा घाईने पक्क्या केल्या. त्यातलाच रविवार कानबाईचा, हे नंतर मोठ्या मायच्या फोनवरून कळलं. तिला मी सांगितलं, "माय, नवापूरच्या बॉर्डरवर गाड्या परत पाठवतात. रोग फार वाढलाय. येता येणार नाही." दोन्ही लशींचे कागद तेव्हा माझ्या खिशात होते. मीच सगळ्यांचे गोळा करून छापून घेतले होते. ती म्हणाली, नको येऊ रे बाबा, जीव सांभाळ, पोरीला बाहेर सोडू नको.

तुम्ही म्हणाल, गाव तर वाटेवर. प्रकाशा गावचा तापीवरचा पूल ओलांडला की फाटा, फाट्यावरून हाकेच्या अंतरावर घर. घटकाभर टेकला असतास, रोटाचा घास खाल्ला असतास आणि गेला असतास पुढे. गेलो असतो हो. रोगाची भीती नव्हती, खोटं कशाला बोलू. भीती होती बाकीच्या दोन गाड्यांची. दारात म्हैस, अंगणात चूल, मोठी माय एकेकाचे गाल धरून अहिराणीत बोलणार, आणि माझी ही मंडळी मास्कच्या आत हसणार. आपल्या मजूर वस्तीवरून आमच्या सोसायटीत 'लिंबायतवाळा' असं नाक मुरडून म्हणतात, नाना, आणि म्हणतात तेव्हा मी मान डोलावतो. मी तिथल्याच एका खोलीत वाढलो हे कुणाला ठाऊक नाही, मला ते गुजरातीच समजतात. तुमच्या नखांवरून आम्हाला यंदा कोणत्या रंगाच्या साड्या चालल्यात ते कळायचं. पांडेसऱ्याच्या मिलमधून कधी हिरवी नखं घेऊन यायचात, कधी डाळिंबी, आणि आई म्हणायची, जेवायला हात धुऊन काही उपयोग नाही, तुम्ही आपले चमच्याने खा. हे मी आजवर एकाही शेजाऱ्याला सांगितलेलं नाही.

फाट्यावर थांबायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. पण पुढच्या गाडीतल्या भाभीला चहाची तल्लफ आली आणि तिन्ही गाड्या नेमक्या तिथेच लागल्या. टपरी कुणाची ते तुम्हाला सांगायला नको. ज्याला तुम्ही गावातून आणून मिलमध्ये चिकटवलं, जो आपल्याच खोलीत आपल्याबरोबर झोपला-जेवला, सकाळी माझी वॉटरबॅग भरून द्यायचा, तो काका. प्लेगात आपल्याच टेम्पोतून गावी आला आणि पुन्हा सुरतेला फिरकलाच नाही. केस पांढरे झालेत, बाकी तोच. मला मास्क होता, टोपी होती, पोटही सुटलंय, मी ओळखू येणार नव्हतो. पण पोरगी खाली उतरली. मास्कवर दिसतात ते डोळेच. काका चहा गाळता गाळता थांबला, वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "ए बाई, तू नानानी नात शे ना? नानानाच डोया शेत!" त्याचा चेहरा असा उजळला होता म्हणून सांगू! सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी, तुमचा मुलगा, हिंदीत म्हणालो, "नहीं भाई, आपकी कुछ गलती हो रही है. हम लोग गुजराती हैं."

"बरं साहेब," काका म्हणाला आणि उरलेला चहा गाळला. माझा ग्लास त्याने हातात दिला नाही, फळीवर ठेवला. आवाज ओळखला होता त्याने, दुसरं काय. गाडीत बसल्यावर पोरगी हळूच म्हणाली, "पप्पा, ते काका खरं बोलत होते ने?" मी म्हणालो, सीटबेल्ट लाव. तोरणमाळला धुकं होतं, तळं भरलं होतं, भजी गरम होती, सगळ्यांनी माझं कौतुक केलं. "शुं प्लानिंग छे, भाई!" मी कसनुसं हसत होतो. त्या तळ्याचा एकही फोटो मी काढला नाही.

तुम्हाला आठवत असेल, प्लेगात आपल्याला याच फाट्यावर अडवलं होतं. टेम्पो पुढे गेला तर काठ्या घेऊन माणसं उभी. आई रडायला लागली. तुम्ही खाली उतरलात, लांबूनच हात जोडलेत आणि म्हणालात, आम्ही सुरतेहून आलोय, गावात येत नाही, खळ्यात राहतो. मग मोठी माय रोज बांधापर्यंत टोपलं घेऊन यायची. कळण्याच्या भाकरी, लसणाची चटणी. टोपलं ठेवून मागे सरायची आणि आपण जेवून उठेपर्यंत उन्हात बसून तिकडूनच गप्पा मारायची. एकदा मोठे काका दिवेलागणीला येऊन म्हणाले, चला, आता कुणी बघत नाही, घरात या. तुम्ही गेला नाहीत. त्यांच्यावर रागावलाही नाहीत, फक्त गेला नाहीत. मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता, कारण खळ्यात विंचू होते.

सहलीहून परत आल्यावर मोठ्या मायचा फोन आला. फार चिडलेली. म्हणाली, तो टपरीवाला रोटाच्या संध्याकाळी दारात येऊन सांगतो, तुमचा पोरगा गाड्या घेऊन आला होता, मला ओळख दिली नाही. "मी त्याले म्हनं, तुना डोया फुटनात का? आमना पोऱ्या खोटं बोलाव नही. नानाना पोऱ्या शे तो!" भाऊबंदांसमोर झापला त्याला. मला म्हणाली, बरोबर केलं ना मी? आणि नाना, मी म्हणालो, हो माय. एवढंच म्हणालो. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नाही. कानबाईच्या मिरवणुकीत डफ त्याचाच असायचा. आता आपल्या दारापुढे आला की तो डफ काखेत धरून गुपचूप पुढे जातो, असं ती दरवर्षी मला मोठ्या अभिमानाने सांगते. त्यालाही काय, एकदा मला फोन करून शिव्या घालता आल्या असत्या. नंबर मिळवणं काही कठीण नव्हतं. नाही केला त्याने. तुमच्यासाठीच नसेल केला.

तुमच्या हातचा फटका मी एकदाच खाल्ला. प्लेगानंतर शाळा सुरू झाल्यावर चाचणी चुकवायची म्हणून बाईंना सांगितलं, ताप आहे आणि काखेत गाठ आलीय. वर्ग ओस पडला, चाळीत बोंब झाली, लोक बोचकी बांधायला लागले, तुम्हाला मिलमधून बोलावून आणलं. तुमची नखं त्या दिवशी निळी होती. आधी काखा तपासल्यात आणि मग कानाखाली दिलीत. म्हणालात, "रोगनं खोटं नाव लेवानं नही. त्याले आयकू येस." एवढ्यावर सोडलंत असंही नाही. मनगट धरून चाळीतल्या दारादारात उभं केलंत आणि प्रत्येक दारात मला मोठ्याने म्हणायला लावलंत, मी खोटं बोललो. काही बाया हसल्या, एकीने गूळ दिला. शेवटच्या दारापर्यंत माझा आवाज बसला होता. घरी आल्यावर आईने ताट वाढलं आणि तुम्ही मला जवळ बसवून जेवू घातलंत.

म्हणजे काय करायला हवं ते मला ठाऊक आहे. रविवारी फाट्यावर गाडी लावायची, टपरीवर चार माणसं असतील त्यांच्यासमोर म्हणायचं, काका, तुम्ही बरोबर होतात, मी खोटं बोललो. मग त्याला बरोबर घेऊन मोठ्या मायच्या दारात जायचं आणि तेच पुन्हा म्हणायचं, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तिला ऐकवायचं म्हणजे अर्ध्या गावाला ऐकू जाणार. तिचं काय होईल कुणास ठाऊक. एवढी वर्षं ज्याच्यासाठी भांडली तो असला निघाला. पण ती आता थकलीय, नाना. ती गेली की, तो माणूस खरा होता हे जिच्यासमोर सांगायचं तीच उरणार नाही. तुमची नात येते म्हणालीय. तिने मास्क नसलेल्या तोंडाने त्या टपरीवर चहा प्यायचा, असं तिचं तिनेच ठरवलंय. "पप्पा, तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन," असंही म्हणाली. म्हणू दे. तुमचीच नात.

हे पत्र मी फाडणार नाही आणि पाठवणार तरी कुठे. गाडीची हवा तपासली, पेढे घेतले, मोठ्या मायसाठी मऊ बनपाव घेतले. पण एक सांगून टाकतो. सकाळपासून मी मोबाइलवर नकाशा उघडून बसलोय. नेत्रंग, सागबारा, अक्कलकुवा, तळोदा असं लांबून वळसा घालून गेलं तर शहाद्याच्या अंगाने शेतरस्त्याने गावात मागून शिरता येतं. फाटा लागतच नाही. पोरीला मी म्हणालोय, तो रस्ता चांगला आहे.