दुमडलेली कड

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी पेशंट यायच्या आधी माझीच ईसीजीची पट्टी काढली. जिना चढताना छातीवर कुणी पाय ठेवल्यासारखं होतं. बरेच दिवस झाले. घरी बोललो नाही. झाडूवाल्या मावशींना हाताशी घेतलं, कारण झोपून स्वतःच बटण दाबलं की हात हलतो आणि रेघ थरथरते.

"रोज लोकांना सांगता, घाबरू नका, काही टोचत नाही. मग आज तोंड का असं?"

"मावशी, बटण दाबा."

"दाबते. पण कुणाला सांगू नका म्हणालात, तेव्हाच समजलं मला!"

मशीनने वरच्या कडेला शेरा छापला — नॉर्मल. देवाचं नाव घेतलं. पट्टी घडी करून घरी आणली, पोथीत ठेवली. नोंद केली नाही. एकदा नोंदीला चढलं की खरं होतं, असं काहीतरी मनात आहे. आणि हॉस्पिटलच्या नोंदी सांभाळणारा, त्या राहिल्या म्हणून वॉर्डावॉर्डांत भांडत फिरणारा तो मीच!

५ फेब्रुवारी

लिफ्टने गेलो.

८ फेब्रुवारी, शनिवार

आमच्या हृदयाच्या डॉक्टर मॅडमना पट्ट्या वाचताना बघणं म्हणजे कुणाला पूजा करताना बघणं. इतक्या वर्षांत एकदाही घाई नाही. पट्टी हातात आली की आधी वरची कड मागे दुमडतात, म्हणजे मशीनचा शेरा दिसत नाही. मग रेघ वाचतात. मग मला हाक — "जुनी आणा." जुनी शेजारी ठेवल्याशिवाय मत लिहीत नाहीत. लिहून झालं की कड उलगडतात. मशीनचं आणि त्यांचं पटलं नाही, तर दोन्ही मतं नोंदवायला लावतात. स्वतः चुकल्या तर तेही लिहितात, सहीसकट. अशी माणसं देव मोजकीच घडवत असावा.

आज एक म्हातारे सुतार आले होते. छातीत दुखतंय म्हणून. मशीन म्हणालं, झटका. नवे डॉक्टर धावपळीला लागले. मॅडमनी कड दुमडली. मी जुनी पट्टी काढून दिली. तो कागद उन्हाने पांढरा पडतो, म्हणून मी प्रत्येकीची प्रत त्याच दिवशी संगणकात ठेवतो. दोन्ही रेघा हुबेहूब सारख्या! तरी मॅडमनी रक्त तपासून घेतलं, काही तासांनी पट्टी पुन्हा काढायला लावली, आणि मगच हसल्या. दुखणं फळी उचलल्याचं होतं.

"आजोबा, तुमची रेघ पहिल्यापासूनच वाकडी आहे."

"मग रंधा मारून सरळ करा की!"

"सरळ झाली तर घरचे रडतील."

म्हातारा इतका हसला की पलंग हलला. नव्या डॉक्टरांना त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही धावलात ते बरोबरच. मशीन खोटं बोलत नाही हो. पण त्याची माणसाशी जुनी ओळख नसते."

मी हसलो नाही. मशीन मला नॉर्मल म्हणालंय. त्याची माझीही ओळख नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लिफ्ट बंद होती. मधल्या मजल्यावर कठडा धरून उभा राहिलो. मावशी बादली ठेवून बघत बसल्या. "जिन्यालासुद्धा कळलंय तुमचं दुखणं. आता मॅडमना दाखवा, नाहीतर मी बोंब मारते."

नोकरीला लागतानाची माझी पट्टी शोधून काढली. शेजारी ठेवायचा धीर झाला नाही. वाचणं माझं काम नाही, असं स्वतःला सांगितलं. ते खरंही आहे. पण मॅडमच्या हातात देणं तर माझंच काम!

संध्याकाळी देवापुढे बराच वेळ बसलो. काय करू, हेच विचारत होतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल पोथीतली आणि जुनी, दोन्ही पट्ट्या मॅडमच्या गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवल्या. त्यांनी कड दुमडली. नाव वाचून त्या थांबल्या, पण वाचल्या तशाच, सावकाश. रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे टेकडी होती, आता माळ झालाय. हृदयाला रक्त कमी पडतंय. बसा. जिना नाही, आता एक पाऊलही नाही." हिला फोन लावला. ही म्हणाली, "इतके दिवस कुणाला विचारत होतात?" देवाला, म्हटलं. "मग त्यानेच मॅडमकडे पाठवलं ना? निघाले मी." मावशींनी चाकाची खुर्ची आणली. तिच्यात बसूनच दोन्ही पट्ट्या माझ्या नावाने नोंदवल्या, मगच पलंगावर आडवा झालो.