परक्या सूर्याच्या ग्रहांची शांत

आणि आबा, तुम्ही फोन आपटलात म्हणून माझं म्हणणं खोटं पडत नाही. जुईलीचं लग्न तुम्ही वर्षभर लांबवलंत, तेही माझ्याच एका वाक्यावरून. तोंडानं सांगून झालं, आता लिहूनच ठेवतो.

मी, चंद्रकांत शरदचंद्र ढमाले, वय चोवीस, शिक्षण सातवीपर्यंत, राहणार माण, तालुका मुळशी, सध्या लडाखात दुर्बिणीच्या कॅम्पवर जनरेटर सांभाळतो. बर्फानं रस्ता बंद व्हायच्या आत ठेकेदारानं सगळ्यांना सांगितलंय, आपल्या माघारी काय कुणाचं ते लिहून द्या. मला कुणी धाक घातलेला नाही. प्यालेलो नाही. डोकं शाबूत आहे, ग्रहांचा विषय सोडून.

एक. चाळीतल्या माझ्या नावच्या दोन खोल्या धाकटी बहीण जुईली हिला. भाडंही तिनंच घ्यावं. दयानंददादानं मध्ये बोलू नये. जमीन विकून आलेल्या पैशातून त्यानं एकट्यानं जीप घेऊन उडवली, तेव्हा मी बोललो नव्हतो.

दोन. मोटरसायकल निषादला. म्हणजे मारुंजीत भाड्यानं राहणारा अकोल्याचा कंपनीतला पोरगा, ज्याच्याशी जुईलीला लग्न करायचंय. गाडी ढकलून चालू होते. त्यानं शिकून घ्यावं.

तीन. बंडोपंत गुरुजींना काही नाही.

जुईलीला मंगळ, नवरा जगायचा नाही, म्हणून त्यांनी शांत सांगितली. ती झाली. तारीख तेवढी धरायची होती. तेवढ्यात मी फोनवर कौतुकानं बोलून गेलो, की इथं मृण्मयी मॅडम दुसऱ्याच सूर्याभोवती फिरणारे ग्रह बघतात, आणि नवनवे सापडतायत. तुम्ही ते जाऊन गुरुजींना विचारलंत! ते म्हणाले, "नवे निघाले आसतील तर त्यांचीबी शांत लागंल. नावं कळू द्या." आबा, त्यांना नावं नाहीत. आकडे आणि अक्षरं आहेत. संकल्प कुणाचा सोडणार?

मी मॅडमना विचारलं, "ते आमच्या जुईलीला लागतात का?"

"अरे, तिथला उजेडच इथं यायला दीडशे वर्षं लागतात."

जरा बरं वाटलं. म्हटलं, एक दाखवा की.

"ग्रह दिसत नाही रे. ताऱ्यापुढून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित उतरतो. त्यावरून कळतं."

म्हणजे ह्याही न बघताच सांगतात! घोटावड्याचा फरहान माझ्याबरोबर कामाला आहे, तो हसायला लागला. "चंदू, तुझा गुरुजी कागद बघतोय, मॅडमबी कागदच बघत्यात. तू आपलं डिझेल बघ."

पण मॅडम पुन्हा पुन्हा मोजतात, चुकलं तर खोडतात. गुरुजींनी काही खोडलेलं मी पाहिलं नाही. तरी उद्या निषादला काही झालं, तर जुईलीला तोंड कसं दाखवू? इथं माझी गाडी अडते.

चार. माझं काही बरंवाईट झालं तर ते जुईलीच्या मंगळावर घालू नका. इथला घाट वाईट आहे आणि ब्रेक ठेकेदाराचे आहेत.

हे मी वाचून सही केली, ती ह्या दोघांनी समोर बसून पाहिली:
फरहान मुलाणी, घोटावडे
मृण्मयी केळकर, पुणे

चंद्रकांत श. ढमाले
लडाख, ४ नोव्हेंबर २००८

सोबत जुईलीच्या नावाचा ड्राफ्ट आहे. तो तिच्याच हातात द्या. शांत करायची, का निषादला घेऊन नोंदणी कचेरीत जायचं, ते तिनं ठरवावं. मला ठरवता येत नाही, आणि तुम्ही ठरवू नका. रुपये अकरा हजार.