झोक्याचा दोर

पोरी,

नाही, माझं डोकं फिरलेलं नाही. जावईबापूंनी जहाज बांधायचा जुना नायलॉनचा दोर आणून नातीला झोका बांधला, तो मी कापला. "कोरा करकरीत दोर होता, बाबा!" म्हणून तू तणतणत गेलीस. अगं, वरून कोराच दिसतो. पीळ उकलला तर आत नुसता भुगा. मिठाचे कण धागे आतून कापत बसतात, आणि मग तो एकदम तुटतो. तुझा भाऊ बंदराच्या धक्क्यावर असल्याच तुटलेल्या दोराच्या फटक्याने गेला. तो दोरही मी नंतर उकलून बघितला होता.

हे तुला कळलं की तुझ्या आईला कळणार. ती 'पोराचं नशीब' म्हणून गप्प बसते, तेवढं तिला राहू दे. म्हणून हे पत्र टाकत नाही. म्हातारा हट्टी आहे म्हण. याउपर मी एक अक्षर बोलणार नाही.

तुझा बाप