दिवस बुडायच्या आतलं जेवण

आबा,

मी लॅबला लवकर निघाले. तुम्ही उठेपर्यंत थांबायची हिंमत झाली नाही.

काल गॅलरीत तुम्ही शेजारच्या कोंडिबाकाकांना सांगत होतात, "नात म्हनते, दिवस बुडायच्या आत जेवा, शंभर वर्सं जगाल. येकट्यानं जेवून येवढं जगून करू काय?" मी आत कपड्यांच्या घड्या करत होते. सगळं ऐकलं.

लवकर जेवण्याबद्दलचं संशोधन मी नीट वाचलं होतं. तुमची साखर उतरली, तेव्हा सगळ्यांना मिरवून सांगितलं. पण तुम्ही अर्धी भाकरी टाकून उठता, आणि रात्री आम्ही जेवायला बसलो की दाराकडे तोंड करून बसता, हे दिसत असूनही एकदाही विचारलं नाही. आजी गेल्यापासून तुम्ही जेवतानाच काय ते बोलायचात, हेही मला माहीत होतं.

सकाळची गोळी चुकवू नका. संध्याकाळी चहाबरोबर फक्त चणे खा. आईला कोळंबीचं कालवण करायला सांगितलंय. मी आठपर्यंत येते, मग सगळे एकदम बसू.

तुम्हाला मला काही बोलायचं असेल तर तेव्हाच बोला, सगळ्यांसमोर. मी मधे बोलणार नाही.

मनस्वी