आजीचा वरवंटा

आदरणीय उज्ज्वलाकाकूंना नमस्कार,

उद्या देवरे सरांच्या शोकसभेत, त्यांच्या पुस्तकातलं माझ्या आबांचं पान मीच वाचावं, असं तुम्ही फोनवर म्हणालात. "ह्यांना ते पान सगळ्यात जास्त आवडायचं," असंही म्हणालात.

काकू, ते पान खोटं आहे.

कॉलेजात इतिहास शिकवताना सर मला म्हणाले होते, "वाल्मिक, सुरतेचा इतिहास पुस्तकात शोधू नको." मग आपल्या अहिराणीत म्हणाले, "तुना बापले इचार." आबा इथे सुरतेत, बमरोलीत, कापडाच्या लूमवर रातपाळी करायचे आणि दिवसा झोपायचे. मी त्यांना उठवलं नाही. आजीचा वरवंटा डोक्यावर घेऊन ते खान्देशातून आले, उधना स्टेशनपासून चालत आले, असं मीच रचून लिहून दिलं. वाचताना सरांचे डोळे भरून आले. त्यांनी ते तसंच छापलं.

पुढे सर तो वरवंटा बघायला घरी येतो म्हणाले, तेव्हा मी पांडेसरा भागातल्या बाजारातून एक विकत आणला. सरांनी आबांना विचारलं, "हाच का तो?" आबांनी माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि भिंतीकडे तोंड करून परत आडवे झाले. ते खरे कसे आले, हे विचारायला त्यानंतर माझं तोंडच उरलं नाही. आबांना जाऊन सहा वर्षं झाली. सरांना तरी सांगायचं होतं.

हे पत्र मी तुम्हाला पाठवणार नाही. उद्या ते पान वाचीन. माझी मुलगी प्रियांका घरून वरवंटा आणणार आहे, सगळ्यांना पणजीची आठवण दाखवायला.

सरांचा आवडता विद्यार्थी,
वाल्मिक