खापरीवरचं नाव

दिल्ली, सोमवार

प्रिय आई,
तुला आणि आप्पांना लांबूनच, पण मनापासून जय भीम.

फोन केला असता, पण तू माझ्या आवाजावरनंच सगळं ओळखतीस. म्हणून पत्र. मी बरी हाय. जेवण पोटभर मिळतंय. आप्पांचा गुडघा कसा हाय?

सध्या आमाला ग्रीसचा जुना इतिहास शिकवत्यात. अथेन्समधी लोक फुटक्या मडक्याच्या खापरीवर एकाचं नाव लिहायचे. ज्याचं नाव जास्त निघंल, त्याला दहा वर्षं शहर सोडावं लागायचं. त्यासाठी गुन्हा करायची गरज न्हवती.

गेल्या आठवड्यात सरांनी खरंच खापऱ्या आणल्या. म्हणाले, गंमत म्हणून बघू, या वर्गातनं कुणाला घालवायचं ते लिहा. मी कुणाचंच लिहिलं न्हाई. शेजारी रिद्धिमा होती, तुझी शेंगदाण्याची चटणी रोज मागून खाणारी. तिनं हळूच विचारलं, "तुझं आडनाव नेमकं काय गं?" मी सांगितलं.

सर खापऱ्या वाचत गेले. लय वेळा माझंच नाव आलं. सगळे हसले. मीपण हसले. "मनावर घेऊ नका," म्हणून सरांनी पुढचा धडा काढला. तवापासनं बाकावर मी एकटीच बसते.

उंब्रजात कुणाला सांगू नको. मला दिल्लीत ॲडमिशन मिळाली म्हणून आप्पांनी पेढे वाटल्यात तिथं.

सरांनी एक मात्र चांगलं सांगितलं. घालवलेल्या माणसाचं घर आणि रान त्याचंच राहायचं. परत आल्यावर त्याला कुणी जाब विचारायचं न्हाई. आई, आपल्या घरीबी तसंच हाय न्हवं?

तुझीच,
दीक्षा