बाकावरच बसून राहिलो

रवि., २ फेब्रुवारी १९८६
आज चर्चमध्ये प्रभुभोजनाला उठलो नाही. आमच्या बाकाची पाळी आली, सगळे उठून कठड्याकडे गेले, मी बसून राहिलो. मागून जोसेफकाका, "ऊठ रे, झोपलास का?" मान हलवली फक्त.
पाळकसाहेब भाकर देत पुढे चालले होते आणि त्यांच्यामागून छोट्या प्याल्यांचा ट्रे घेऊन साळवेमामा. पांढरा शर्ट, हात जरासुद्धा हलत नाही. माझ्या बोटांबद्दल खोटं बोलताना आवाजही हलला नव्हता.
त्या हातून घेणार नाही. मनात कुणाशी वैर असेल तर आधी मिटवा, मग मेजाजवळ या, असं पा.सा. दर महिन्याला सांगतात. मी नियमच पाळतोय. आता लोकांनी विचारावं, रत्नाकर का बसला. विचारलं की आपोआप ट्रेकडे बघतील.
यापुढे मामा लिहिणार नाही. नुसता सा.

बुध., ५ फेब्रु.
एकदा नीट लिहून टाकतो, म्हणजे डोक्यात फिरत राहणार नाही.
सा. साकीनाक्याच्या कारखान्यात फोरमन. बाबा वारल्यावर मला, आठवी नापास मुलाला, त्यानेच तिथे चिकटवलं. उपकार आहेत, नाही म्हणत नाही. दिवाळीआधी घाईची ऑर्डर होती. पॉवर प्रेसला हात वाचवायचा गार्ड असला की माल कमी निघतो, म्हणून सा.ने गार्ड काढायला लावला. प्रेस खाली आला. उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची.
मालकासमोर सा. म्हणाला, "पोराने स्वतःच काढला गार्ड. मी बजावलं होतं." झालं. नोकरी गेली, भरपाईही नाही.
पांडुरंग शेजारच्या प्रेसवर होता, त्याने सगळं ऐकलं होतं. काल घाटकोपर स्टेशनबाहेर भेटला. "रत्ना, माका सगळा ठावक आसा रे. पण माझी पोरां लहान आसत." डोळे पुसले आणि बाजारात शिरला. त्याला काय बोलणार.

सोम., १७ फेब्रु.
फ्रेमच्या दुकानात आता जम बसतोय. काच कापायची हिरकणी डाव्या हातात धरतो. रेघ एका दमात ओढावी लागते, मध्ये थांबलं की काच भलतीकडे तडकते. गणपती, मक्का, गुरू नानक, आपला प्रभू, सगळ्यांना एकाच मापाची काच.
सकाळच्या प्रार्थनेत सा.चं नाव घेतो. चांगलं मागत नाही. त्याचा हात त्याच प्रेसखाली जावा, असं मागतो. पाप आहे, माहीत आहे. पण जे पोटात आहे ते देवाला सांगून टाकलं की दिवसभर रेघ सरळ येते. परवा गोड गोड प्रार्थना केली आणि दुकानात दोन काचा फोडल्या. मालक हसमुखभाई म्हणाले, "अरे रत्नाकर, आज भगवानसाथे कट्टी हाय काय?"
दिवाळीनंतर रेल्वेच्या पुलावर उभा राहायचो, खाली बघत. आता नाही राहत. भांडायला कोणीतरी लागतं माणसाला. मला तो वरती मिळालाय.

रवि., २ मार्च
पुन्हा बसलो. ट्रे घेऊन जाताना सा.ने माझ्याकडे बघितलं. मी नजर काढली नाही, त्याने काढली. झकास वाटलं. रात्री जेवण गेलं.

शुक्र., ७ मार्च
वाट लागली.
संडे स्कूलच्या शांताबाईंनी आईला नळावर गाठलं. "पोरगी कोण आहे गं? आपल्यातली आहे ना?" आईला कळेना कसली पोरगी. मंडळीत असं पसरलंय की मी पापात पडलोय, म्हणून मेजाजवळ जायची लाज वाटते. कोणी म्हणतं पोरगी, कोणी म्हणतं दारू. सा.चं नाव एकाच्याही तोंडी नाही. एवढा विचार करून बसलो आणि हे!
वर आणि काय, बुधवारच्या प्रार्थनेत सा.ने माझ्यासाठी मोठ्याने विनंती केली म्हणे. "आपल्यातल्या एका भटकलेल्या तरुणासाठी." भटकलेला मी.

रवि., ९ मार्च
पा.सा. संध्याकाळी घरी आले. चहा घेतला, मग विषय काढला.
"रत्नाकर, कुणाशी काही वाकडं आहे का?"
"आहे. साळव्यांशी." मग सगळं सांगितलं. आई चुलीपाशी पाठ करून उभी. तिलाही गार्डची गोष्ट आज पहिल्यांदा कळली.
पा.सा.नी कप खाली ठेवला. "साळवे मंडळीचे पंच आहेत. पुरावा आहे का तुझ्याकडे?"
हात पुढे केला. तो पुरावा नाही, हे मलाही कळतं.
"क्षमा कर. तुलाच हलकं वाटेल."
"त्याने मागितली कुठे?"
पा.सा. उठले. प्रार्थना करून गेले. आई रात्री एवढंच म्हणाली, "मला का नाही सांगितलंस रे?"

शुक्र., २८ मार्च, गुड फ्रायडे
क्रुसावरचे सात उद्गार, सात जण बोलणार. पहिला उद्गार, क्षमेचा, सा.कडे! कोणी वाटले हे उद्गार? चर्च गच्च भरलेलं. छान बोलला. रुमाल काढला, बायका रडल्या. ज्यांना आपण काय करतो ते कळत नाही त्यांच्याबद्दल बोलत होता.
मी मनात म्हटलं, बापा, याला कळत होतं. चांगलं कळत होतं. याला त्यांच्यात धरू नकोस.
तीन तास बसलो. उठून गेलो नाही. का गेलो नाही? तिथून उठलो असतो तर माझ्याकडे दुसरं काय उरलं होतं. पुन्हा तो पूलच.

रवि., ६ एप्रिल
आज आई उठली नाही.
आमचा बाक उठला, मी नेहमीसारखा पाय आखडून वाट दिली, आणि ती माझ्याशेजारी तशीच. मी हळूच, "आई, जा ना." "गप बस." पदर डोक्यावर, नजर समोर. बाबा गेले त्या महिन्यातसुद्धा तिने प्र.भो. चुकवलं नव्हतं. महिनाभर ती त्या एका घोटावर चालते.
ट्रे पुढे येताना एक प्याला आडवा झाला. सा.चा हात. मी बघितलं. पण मजा आली नाही, कारण शेजारी आईचे ओठ हलत होते.

मंगळ., १५ एप्रिल
सा. दुकानात आला, एकटा. हसमुखभाई जेवायला गेलेले. मी मुद्दाम उजवा हात काउंटरवर ठेवला.
"रत्ना, माझ्यावर काय काढायचं ते काढ. आईला कशाला मध्ये घेतोस?"
"मी नाही घेतलं. तिची ती बसली."
"ती बसली की सगळं चर्च माझ्याकडे बघतं रे."
"मी बसलो तेव्हा नाही बघितलं."
मग सा. म्हणाला, दुसऱ्या कारखान्यात शिपायाची जागा आहे, शब्द टाकतो.
"मालकाला खरं सांगा. तेवढं पुरे."
"मला काढतील. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. या वयात मी कुठे जाऊ?"
"मला कुठे जा म्हणाला होतात?"
त्याच्यासमोर एक काच घेतली आणि कापली. एका दमात, सरळ. तो बघत राहिला. गेला तेव्हा पाठ वाकलेली दिसली. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

रवि., ४ मे
सा.ने ट्रे उचलला नाही. पा.सा.नी मागे वळून बघितलं, थांबले, शेवटी जोसेफकाकांना खूण केली. सा.चा बाक उठला. सा. बसून. साळवेमामी एकट्याच पुढे गेल्या.
आता अख्ख्या चर्चमध्ये तिघे बसलेलो. तो उजवीकडे, आम्ही डावीकडे, मधली वाट रिकामी. मग आई उठली, प्याला घेऊन आली, माझ्याशेजारी बसली. "तो खाली बसला. माझं एवढंच होतं," म्हणाली.
माझं एवढंच नाही. नुसतं बसून काय होतं? सा., तोंड उघड.

गुरु., २२ मे
साळवेमामी आल्या होत्या, आंबे घेऊन. "तुझे मामा झोपत नाहीत रे."
"मी पण नाही झोपत, मामी."
त्यांनी माझा हात मांडीवर घेतला आणि जिथे बोटं नाहीत तिथे अंगठा फिरवत राहिल्या. त्यांच्यावर राग धरता येईना. आंबे आईने ठेवून घेतले. मी खाल्ला नाही. एक खाल्ला.

रवि., १ जून
सूचना वाचून झाल्यावर सा. उभा राहिला. कागद नव्हता हातात. "गार्ड मी काढायला लावला. रत्नाकरने नाही. मी मालकासमोर खोटं बोललो आणि इथे भाकरीमागून प्याला घेऊन फिरत राहिलो. पंच म्हणून आजपासून नाही. उद्या कारखान्यात सांगेन." खाली बसला. शांताबाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि लगेच चष्मा पुसायला घेतला.
हेच मागत होतो. शब्दन् शब्द.
आमचा बाक उठला. मी उठलो नाही. सा. वाट बघत होता, मी उठलो की तो उठणार, हे त्याच्या पायांवरून दिसत होतं. बसू दे, म्हटलं. मी बसलोय महिनोन्‌महिने, त्यालाही कळू दे. आई परत येताना माझ्यासमोर थांबली, सगळ्यांच्या देखत.
"आजपर्यंत त्याने बसवलं तुला. आता कोण बसवतंय?"
मी पाय आखडून तिला वाट दिली. मेज झाकलं गेलं. त्यानेही घेतलं नाही, मीही नाही.
बाहेर फाटकाशी सा. उभा होता. लोक आमच्या आजूबाजूने जात होते, हळूहळू, ऐकायला. त्याने हात पुढे केला. मी डावा दिला. सवयीने दिला की मुद्दाम, अजून ठरवता येत नाही. त्याने तो दोन्ही हातांत घेतला.
मी ओढून घेतला नाही. माझी बोटं मात्र त्याच्या हातावर मिटली नाहीत.